अर्धा तोळा

भाच्याची साखरपुड्याची अंगठी कळंगुटच्या समुद्रात पडली तो जानेवारीतला दिवस हवामानाच्या दृष्टीने अत्यंत प्रसन्न होता, आणि माझ्या पुढच्या पाच महिन्यांच्या हालांचे मूळ त्या प्रसन्नतेतच होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. लाटा जेमतेम गुडघ्याएवढ्या होत्या, आणि भाचा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून आपल्या वाग्दत्त वधूला पोहणे शिकवत होता, जे त्याला स्वतःलाही येत नाही. अर्ध्या तोळ्याची अंगठी ओल्या बोटातून निसटली. ती दोघे पुण्याला परतली. मी म्हापशातच राहत असल्यामुळे मला ती सोय नव्हती.

माझा मुलगा कुवेतला असतो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना त्याने हौसेने एक मेटल डिटेक्टर आणला, अंगणात फिरवून चार गंजके खिळे आणि एक कोयता शोधून काढला आणि यंत्र माळ्यावर टाकून तो निघून गेला. ‘मामा, तुमच्याकडे ते यंत्र आहे ना?’ असे भाच्याने फोनवर विचारले तेव्हा ते बिघडल्याचे मी सांगायला हवे होते. परंतु 34 वर्षे कोषागारात नोकरी करून ज्याच्या हातून केवळ परक्यांचा निधी गेला, त्याला एखादा निधी स्वतः शोधून काढण्याचा मोह आवरत नाही.

पहिल्याच दिवशी ओल्या वाळूवर यंत्राने असा आक्रोश मांडला की सबंध किनारा सोन्याने मढवला आहे असे मला वाटले. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, आणि साध्या यंत्राला भिजलेली वाळू आणि धातू यांतला फरक सहज कळत नाही. त्यामुळे तबकडीवरून लाट गेली की ते किंचाळते. त्याची संवेदनक्षमता कमी केली, तर ते इतके शांत झाले की खाली टाकलेल्या माझ्या स्कूटरच्या किल्लीचीही त्याने दखल घेतली नाही. नाइलाजाने मी कोरड्या वाळूत वळलो. जुन्या सवयीने मी वही ठेवली होती; पहिल्या महिन्याची जमा बिअरच्या बाटल्यांची बुचे 113, तंबूचे खुंटे 6 आणि नाणी 14 रुपयांची. शेजारच्या वकिलांनी गंभीरपणे सांगितले की 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांवरचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मी त्यातले पाच रुपये त्यांनाच देऊन टाकले.

खरा उलगडा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याने केला. ‘दर्यो थंड आसा, कितेंच मेळचें ना,’ म्हणजे समुद्र शांत आहे, काहीच मिळणार नाही, एवढेच तो म्हणाला. लाटांच्या दोन जाती असतात हे साठी उलटल्यावर कळावे, याचे मला वैषम्य वाटते. दुरून येणाऱ्या, बुटक्या, एकमेकींत दहा-बारा सेकंदांचे अंतर राखून सावकाश चालणाऱ्या लाटा तळावरची वाळू आणून किनाऱ्यावर रचतात. उलट जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या उभ्या, एकीच्या पाठीवर दुसरी आदळणाऱ्या लाटा तीच वाळू ओरबाडून आत नेतात. म्हणजे पर्यटकांना जो समुद्र आवडतो तो वस्तू पुरतो, आणि ज्याच्यापुढे जीवरक्षक लाल बावटा लावतात तो त्या उकरून काढतो. त्यात सोने पाण्याच्या 19 पट जड आणि वाळूचा कण अडीच पटींहून जरासा अधिक. त्यामुळे लाटेने वाळू हलली की अंगठी थोडी खाली सरकते, पुन्हा हलली की आणखी खाली, आणि शिंपल्यांचा किंवा घट्ट मातीचा थर लागेपर्यंत ती काही थांबत नाही. शेजारच्या कांदोळीला जून 2000 मध्ये येऊन रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे अख्खे जहाज तिथून हटवायला 2012 साल उजाडले. तेव्हा अर्ध्या तोळ्याने माझ्या फावड्याची भीड बाळगावी, ही अपेक्षाच चुकीची होती.

वाऱ्याचे तर स्वतंत्र गाऱ्हाणे आहे. दुपारचे खारे वारे पाणी किनाऱ्याकडे लोटतात, त्यामुळे ओहोटी हवी तेवढी उतरत नाही; कोरडी वाळू उडून डोळ्यांत जाते, आणि ती उडाल्यामुळे खालची नवी बुचे वर येतात. फेब्रुवारीत अरबस्तानाकडून शमाल वारे सुटले की त्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून थेट गोव्यापर्यंत पोहोचतात, असे दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी नोंदवले आहे. जो वारा तिकडे माझ्या मुलाच्या डोळ्यांत धूळ टाकतो, त्याचेच भाऊबंद इकडे मला छळतात. मुलाच्या पत्रांपेक्षा त्या लाटा मात्र नियमित येतात. राहता राहिले जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे. शाळेत ते ‘मतलबी’ वाचल्याबद्दल मी छडी खाल्ली होती. आता तेवढेच माझ्या बाजूचे निघाले. ते पहाटे वाहतात आणि लाटा दाबून धरतात.

आमच्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास साधारण पहाटेच येते. यंत्र, मतलई वारा आणि मोठी ओहोटी यांचा योग जुळवायचा, तर अमावास्येला पहाटे चार वाजता फावडे, टॉर्च आणि रिकामी पिशवी घेऊन घराबाहेर पडण्यास पर्याय नाही. मी हे तीन अमावास्या केले. तिसऱ्या अमावास्येला समोरच्या आजींनी आमच्या फाटकावर लिंबू-मिरची बांधली, आणि दूधवाल्याने दूध कुंपणावरूनच द्यायला सुरुवात केली. ‘अहो, अंगठीचे पैसे आपण देऊन टाकू, पण दिवसाउजेडी जा,’ असे पत्नी म्हणाली. दिवसाउजेडी खारे वारे असतात, हे तिला पटवणे मला जमले नाही.

जूनमध्ये पहिले तुफान आले तेव्हा सारा म्हापसा छपरे सांभाळत होता आणि मी एकटा खिडकीत बसून आनंदाने हात चोळत होतो. दोन दिवसांनी पाऊस उघडला, ओहोटी लागली आणि जीवरक्षकाने शिट्टी वाजवून मला वरच्या अंगालाच राहण्याची ताकीद दिली. किनारा ओळखू येत नव्हता. कमरेएवढा उभा कडा कापला गेला होता, त्याच्या पायथ्याशी काळ्या जड वाळूचा पट्टा उघडा पडला होता, आणि जिथे जड वाळू उरते तिथेच इतर जड वस्तू उरतात, हे मी एव्हाना शिकलो होतो. यंत्र बोलले, खारट किंचाळी नव्हे, स्वच्छ, गोल स्वर. मी गुडघ्यांवर बसलो. हाताला लागले ते शिसे. पुन्हा स्वर, पुन्हा शिसे. वाळूपेक्षा कितीतरी जड असल्यामुळे तेही सोन्याच्याच वाटेने जाते, ही शास्त्रीय गोष्ट मला त्या क्षणी मुळीच सांत्वनपर वाटली नाही. रापणीच्या जाळ्यांची कित्येक वर्षांची वजने तिथे ओळीने बसली होती, आणि अंगठी बहुधा त्यांच्याखालच्या थरात.

म्हातारा कुठूनसा उगवला, पिशवीत डोकावला आणि ‘हें म्हजें’ म्हणाला. बदल्यात मासे देण्याचे त्याने कबूल केले. परंतु समुद्र खवळलेला असल्याने आत्ता नव्हे, नंतर. संध्याकाळपर्यंत पाऊस पुन्हा कोसळू लागला. घरी येऊन मी वही उघडली आणि लिहिले: शिसे साडेतीन किलो, परत केले; येणे बांगडे, नारळी पौर्णिमेनंतर; अंगठी, शिल्लक पुढे ओढली.