बर्फावरचा वाडा

फेब्रुवारीत नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या मुख्य रस्त्यावर बर्फ पसरून रेनडिअरच्या शर्यती लावतात. पुढे उधळलेलं जनावर आणि मागे दोर धरून स्कीवर घसरत जाणारा माणूस. बैलगाडा शर्यतीच्या धुरळ्यात वाढलेल्याला हे अगदी घरचं वाटतं. ६ फेब्रुवारी हा सामी लोकांचा, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांचा, राष्ट्रीय दिवस, त्याच सुमारास हा सोहळा असतो. यंदा मी शाळेच्या ग्रुपवर एक फोटो टाकला: अंगात रंगीत काठांचा गाक्ती, म्हणजे सामी पोशाख, आणि बुडाखाली स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पळणारी मोटारगाडी. साताऱ्याकडच्या माणमधल्या मित्राचं लगेच उत्तर आलं. "हा कसला पारंपरिक? आपल्याकडंही तेच. मेंढक्याच्या हातात स्मार्टफोन, आणि म्हणे चराईला रान द्या."

त्याला तिथं दोन ओळीत उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं.

स्नोमोबाइल सामींकडे १९६०च्या दशकात आली. आता जनावरांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे असतात, वरून ड्रोन फिरतो. माझ्या ओळखीचा एक कळपवाला चहा पिता पिता मोबाइलवर ठिपके दाखवतो. (किती जनावरं, असं मात्र विचारायचं नाही. बँकेत किती शिल्लक आहे, असं विचारल्यासारखं होतं.) पण रेनडिअरच्या पिल्लाच्या कानावर मालकाची खूण आजही सुरीनंच कातरतात. आणि हिवाळ्यात हा कळपवाला फावड्यानं बर्फ खणून हात घालून बघतो, खाली बर्फाचा कडक थर धरलाय का. गुओहतुन हा त्याच्या तोंडी सतत येणारा शब्द. नुसता चारा नव्हे. बर्फाखालचा चारा आणि तो खुरानं उकरून खाता येणं, हे दोन्ही त्यात आलं. हल्ली ऐन थंडीत पाऊस पडतो, तो गोठतो, आणि चारा काचेखाली ठेवल्यासारखा दिसतो पण मिळत नाही. मग विकतचं खाद्य. हे उकरून बघणं त्याला कुठल्याही पट्ट्यानं शिकवलेलं नाही.

म्हणजे अवजारं बदलल्यानं धंदा मेला नाही. तो मरायला टेकतो जमीन गेली की. मध्य नॉर्वेतल्या फोसेनला १५१ पवनचक्क्या कळपांच्या हिवाळी कुरणात उभ्या राहिल्या. ११ ऑक्टोबर २०२१ला नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं परवाने अवैध ठरवले, आणि पाती फिरतच राहिली. निकालाला ५०० दिवस होत आले तेव्हा, फेब्रुवारी २०२३मध्ये, सामी पोरापोरींनी ओस्लोत मंत्रालयात ठाण मांडलं. गाक्ती उलटा करून घातलेला, शिवण बाहेर. निषेधाची ही त्यांची रीत. पंतप्रधानांनी माफी मागितली, पुढं तडजोड झाली, चक्क्या आहेत तिथंच आहेत.

तेव्हा नॉर्वेचे गोडवे मी गाणार नाही. योव्स्सेत आन्ते सारा या तरुण सामी कळपवाल्याला सरकारनं कळप ७५ रेनडिअरवर आणायला सांगितलं. २०१७मध्ये तो शेवटच्या न्यायालयातही हरला. त्याच्या बहिणीनं, मारेत आन्नेनं, रेनडिअरच्या ४०० कवट्यांचा पडदा संसदेसमोर टांगला. तो आज राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कवट्या ठेवून घ्यायला सरकारची हरकत नाही!

तरी एक गोष्ट मला हेवा वाटावी अशी आहे. इथल्या सामी कुरणपट्ट्यात कळप पाळायचा हक्क कायद्यानं कानखुणेचा वारसा असलेल्या सामींचाच. दहा सामींत जेमतेम एक जण या धंद्यात, पण भांडायला पायाखाली काहीतरी आहे. हस्तकलेचंही तसंच. दुओजीला, म्हणजे सामी हस्तकलेला, १९८२पासून स्वतःची खूण (ट्रेडमार्क) आहे, काउतोकेइनोच्या सामी महाविद्यालयात तिची पदवी मिळते. आमच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीतून कातरणीचा खर्चही सुटत नाही. चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणणारे सनगर बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि तीच घोंगडी पुण्याच्या प्रदर्शनात 'इको' म्हणून भाव खाते.

धनगरांबद्दल आपण भांडतो ते अनुसूचित जमातींच्या यादीतला शब्द 'धनगर' की 'धनगड' यावर. आरक्षणाचा प्रश्न खोटा नाही, आदिवासींची धास्तीही खोटी नाही. पण फलटण-माणचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा धनगरांचा तांडा, दिवाळीनंतर कोकणात उतरतो ती वाट, मधली गायरानं, रात्रीचा मुक्काम, यावर कुठला मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. सामींच्या सिइडाला मी मनात वाडाच म्हणतो: काही कुटुंबं, एक कळप, ठरलेली वाट.

लहानपणी आमच्या रानात वाडा बसायचा. तीन रात्री मेंढरं, बदल्यात धान्य, आणि पुढच्या ज्वारीला खत. परवा फोनवर आप्पांना विचारलं, "यंदा आले होते का?"

"आले की. पण आता बारमाही ऊस. बसवायचे कुठं?" आप्पा म्हणाले. "रस्त्याकडंला एक रात्र राहिले, सकाळी उठून गेले."