पहिली सुरी

गेल्या मंगळवारी आमच्या यजमानांनी ओटीवरचा सहा किलोंचा तांबडा भोपळा देठाला धरून उचलला. देठ त्यांच्या हातात राहिला, भोपळा जमिनीवर राहिला आणि यजमान बँकेच्या कामासाठी कुडाळला निघून गेले. भोपळा टिकवण्याची सारी मदार त्या देठावर असते. देठ शाबूत, साल न खरचटलेली आणि खाली कोरडा पेंढा असेल, तर वाऱ्याच्या जागी तो दोन-तीन महिने सुखाने राहतो. देठ निघाला की त्याच खळग्यातून ओल शिरते आणि मालवणच्या दमट हवेत पुढचे काम बुरशी करते. म्हणून मी त्याच सकाळी विळी पुढे ओढली, तोच गडग्यापलीकडच्या काकी धावत आल्या.

"अगो, काय करतंस? बाईमाणसान अख्खो भोपळो कापूचो नसता!"

"मगे कोणी कापूचो? हे तर कुडाळाक गेले."

"बापयान पयली सुरी लावची. मगे तू काय तां कर."

मी सुरमई साफ करते, कोयत्याने नारळ सोलते, हाताला तेल लावून अख्खा फणस फोडते. तेव्हा कोणताही बापया आडवा येत नाही. शिवाय हे भोपळ्याचे कूळ मूळचे अमेरिकेतले, म्हणजे 1492 नंतर केव्हातरी समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेले. बळी म्हणून फोडायचा मान कोहळ्याचा; तोच सोवळेपणा या परक्या पाहुण्याला केवळ तोंडवळ्यावरून चिकटला असावा, असा माझा तर्क आहे. तो मी काकींना ऐकवला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि नातवाला हाक मारली.

नातू दुसरीत आहे, त्याचे पुढचे दोन दात पडलेले आहेत आणि तो पुरुष आहे. त्याने भोपळ्याभोवती एक फेरी मारली, त्यावर टकटक करून आत कोणी आहे का याची खात्री केली आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "माका काय गावतला?"

"घारगे."

"घारगे नको. धा रुपये."

मी कबूल झाले. आता सुरी त्याच्या हाती द्यायची, तर पोराचे बोट कापेल म्हणून काकींचा जीव खालीवर होऊ लागला. शेवटी सुरीवर नातवाचा हात, नातवाच्या हातावर आजीचा हात आणि त्या हातावर आजीचे सारे वजन, अशा रीतीने भोपळ्याला दोन बोटे लांबीची चीर पडली.

"काकी, मगे कापलो कोणी?"

"तेना. माजो हात नुसतो टेकलेलो."

त्या दोन बोटांपुढचा सगळा भोपळा मात्र माझ्या वाट्याला आला. जाड साल विळीवर दोन्ही हातांनी रेटावी लागली. कुजणे तिथूनच सुरू होते म्हणून बिया आणि मधला तंतूंचा गर आधी खरवडून काढावा लागला. मग अर्धा भोपळा किसून, पाण्याचा थेंबही न घालता गुळात शिजवला, त्यात मावेल तेवढीच कणीक मळली आणि भर दुपारी चुलीसमोर उभी राहून घारगे तळले. या कामांना पुरुषाचा हात लागावा असे कोणाच्याही आजीने सांगून ठेवलेले नाही, याचा मला अजून राग आहे.

संध्याकाळी यजमान परतले. त्यांनी सात घारगे खाल्ले आणि "पहिली सुरी कोणी लावली?" एवढेच विचारले. मी सांगताच गडग्याशी जाऊन त्यांनी त्या पुरुषाची पाठ थोपटली. पुरुषाने घारगेही नेले होते. माझ्याकडे सुटे नसल्याने त्याला वीसची नोट दिली होती; उरलेले दहा रुपये पुढच्या भोपळ्याचे आगाऊ म्हणून त्याने ठेवून घेतले आहेत.