उजव्या गुडघ्याची छत्री

गोव्यातल्या माणसाला आपली गुडघेदुखी लपवायची असेल तर ती जूनमध्ये सुरू व्हावी, यासारखे दुसरे भाग्य नाही. माझा उजवा गुडघा मृगाच्या सुमारास कुरकुरू लागला आणि त्याच आठवड्यात फोंडा तालुक्यात नेहमीचा धुवांधार पाऊस सुरू झाला. त्यामुळे वाकड्या मुठीच्या काळ्या छत्रीवर भार टाकत सावकाश चालणारा निवृत्त मास्तर पाहून वाड्यावर कोणालाही वावगे वाटले नाही. चार महिने मी काठी वापरत होतो आणि लोकांना ती छत्री वाटत होती. पंचाईत व्हायची ती पाऊस पडू लागला की. छत्री उघडावी तर आधार जातो आणि न उघडावी तर माणूस भिजतो. अशा वेळी मी मिटलेली छत्री टेकत, चिंब भिजून घरी आलो आहे आणि वारा फार होता असे बायकोला सांगितले आहे.

ऑक्टोबरात पाऊस थांबला आणि माझी छत्री उघडी पडली. पहिले काही दिवस मी उन्हाचे कारण पुढे केले. पण नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नातवाला पहाटे जाळायचे नरकासुराचे पुतळे दाखवायला नेले, तेव्हाही छत्री हातात होतीच. आकाशात ढग नव्हता, चंद्रही नव्हता. नरकासुराच्या पोटात गवत भरणाऱ्या पोरांपैकी एकाने, जो माझ्याच हाताखाली सातवीत दोनदा बसला होता, मान वर करून अत्यंत आदराने विचारले, "मास्तर, पावस येतलो कितें?" त्या रात्री नरकासुर जळण्याआधी मीच जळून गेलो.

घरी लेकीने उलटतपासणी घेतली. पणजीत 2023 च्या जानेवारीत दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट भरला होता तेव्हा मी तो पाहून आलो होतो आणि साधन वापरण्यात लाज कसली, चष्मा लावताना आपण लाजतो का, असे तासभर सगळ्यांना ऐकवले होते. ती सगळी वाक्ये तिने मला शब्दशः परत केली. मास्तरकीचा हा एक तोटा आहे. आपण शिकवलेले कोणीतरी लक्षात ठेवते. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र उजेडाकडे धरून झीज असल्याचे सांगितले आणि गोळ्यांच्या नावांखाली, गोळीइतक्याच सहजतेने, 'काठी' हा शब्द लिहिला. कोणती काठी, किती उंच, कोणत्या हातात, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, यातले काहीही लिहिले नव्हते.

त्यामुळे सोप्यावर कुटुंबाची सभा भरली. थोरल्या भावाने आमच्या आजोबांची चांदीच्या मुठीची काठी माळ्यावरून काढून आणली. पोर्तुगीज भाषेत अशा काठीला 'बेंगाला' म्हणतात, कारण तिचा वेत बंगालकडून युरोपात जात असे. म्हणजे लिस्बनचा साहेब बंगालवर भार टाकून फिरायचा आणि त्याचे पाहून आमच्या आजोबांनीही ती धरली. आजोबा सहा फूट उंच होते आणि मी पाच फूट चार इंच. ती काठी हातात घेतल्यावर तिची मूठ माझ्या बरगडीपाशी आली आणि मी पालखीपुढे चालणाऱ्या चोपदारासारखा दिसू लागलो. खालून चार इंच कापली तर चालेल असे मी सुचवताच थोरल्या भावाने ती काढून घेऊन पुन्हा माळ्यावर ठेवली. म्हापशाहून आलेल्या धाकट्या बहिणीचे मत चाकांच्या, ब्रेकच्या आणि बसायला पाट असलेल्या रोलेटरच्या बाजूने पडले, कारण त्याला पुढे टोपली असते आणि शुक्रवारच्या बाजारात तिला तिचा उपयोग झाला असता. शेवटी बायकोने निकाल दिला. एका पायापेक्षा चार पाय केव्हाही भक्कम, म्हणून वॉकरच आणायचा.

पणजीतल्या त्या दुकानात शिरल्यावर मला प्रथमच कळले की चालण्याची एवढी तऱ्हेवाईक साधने जगात आहेत. घडीची काठी होती, उघडली की तिपाई होणारी काठी होती आणि बॅटरी, रेडिओ व भोंगा अशा तिन्ही सोयी मुठीत असलेलीही एक होती. बॅटरी लावायला म्हणून मी कळ दाबली आणि भोंगा वाजला. रस्त्यापलीकडची माणसे आत डोकावली. "बाब, ती पडल्यावर दाबायची," विक्रेता म्हणाला. काखेत धरायच्या कुबड्या मला उगाच आवडल्या, पण त्याने समजावले की कुबडीची गादी आणि काख यांत दोन-तीन बोटांची फट राहावी लागते आणि सगळा भार तळहातांवर घ्यावा लागतो. लोक काखेनेच लटकतात, तिथली नस दबते आणि पाय बरा होईपर्यंत हात लुळा पडतो. शिवाय कुबड्या लागतात त्या पायावर भार टाकायचाच नसेल तेव्हा, असे सांगून त्याने माझ्या हातून त्या अलगद काढून घेतल्या. खाली चार पाय असलेली काठीही त्याने दाखवली. फरशीवर ती उत्तम उभी राहत होती, पण तिचे चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकावे लागतात आणि आमच्या अंगणातल्या चिऱ्यांपैकी कोणतेही दोन चिरे एका पातळीत नाहीत. आम्ही वॉकर घेतला.

वॉकर घरी आला आणि तोपर्यंत माणसांपुरते बांधलेले वाटणारे आमचे घर मुळात मांजरांसाठी बांधलेले आहे असे उघडकीस आले. प्रत्येक खोलीला उंबरठा, आणि उंबरठा म्हणजे काही मापापुरता नव्हे, बाळंतिणीला ओलांडताना हात द्यावा लागेल एवढा. वॉकर 22 इंच रुंद आणि न्हाणीघराचे दार 21 इंच. तो एक इंच मला रोज पहाटे भेटायचा. वॉकर आडवा करून आत ढकलायचा, मग भिंतीला धरून आपण आत जायचे, म्हणजे जिथे घसरण्याची भीती सर्वांत जास्त तिथेच वॉकर आणि मी वेगवेगळे. पायऱ्यांवर तर वॉकर वापरायचाच नसतो. त्यावर मुलाने तोड काढली की सोप्याच्या पायऱ्यांवर उतार बांधावा. उतार सुखाने चढायचा तर दर एक इंच उंचीला बारा इंच लांबी हवी, हे त्याने मोबाइलवर वाचून काढले होते. आमच्या पाच पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे 30 इंच. तेव्हा उतार 30 फूट. सुतळी लावून मोजले तर तो तुळशीवृंदावनातून सरळ निघून, कुंपण ओलांडून, शेजाऱ्यांच्या विहिरीच्या काठावर संपत होता. शेजारी स्वतः सुतळीचे टोक धरून उभे होते आणि मनाने मोठे असल्यामुळे त्यांनी विहिरीला कठडा बांधून देण्याची तयारी दाखवली.

अखेर लेकीने मला फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेले, जे खरे तर सर्वांत आधी करायला हवे होते. त्यांनी मला नेहमीच्या चपला घालून सरळ उभे केले, हात सैल सोडायला सांगितले आणि मनगटाच्या घडीपाशी बोट ठेवून म्हटले की काठीची मूठ इथे आली पाहिजे, म्हणजे ती धरल्यावर कोपर 15 ते 30 अंशांत वाकते. मग त्यांनी चालून दाखवायला सांगितले. मी चार महिन्यांच्या सरावाने छत्री टेकत ऐटीत चाललो.

"मास्तर, दुखतो कोणता गुडघा?"

"उजवा."

"मग छत्री उजव्या हातात का?"

दुखऱ्या बाजूलाच आधार असायचा, यात शंका घेण्यासारखे काही आहे असे मला कधी वाटलेच नव्हते. त्यांनी समजावले की उजवा पाय पुढे पडतो तेव्हा डावा हात आपसूक पुढे येतो. त्या हातात काठी असली की ती उजव्या पायावरचा भार वाटून घेते, उलट त्याच बाजूला धरली तर अंग तिकडे कलते आणि दुखऱ्या पायाचे ओझे वाढते. म्हणजे अख्खा पावसाळा मी लपवाछपवी करून, चिंब भिजून, गुडघ्याला त्रासच दिला होता. छत्रीचे लोखंडी टोक गुळगुळीत लादीवर घसरते, तिची उंची कमी-जास्त करता येत नाही आणि एका काडीला बाक आला आहे, हेही त्यांनी सांगितले. शेवटचा मुद्दा वैद्यकीय नव्हता, पण लागला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, हा नियम मी 'चढताना सज्जन पुढे, उतरताना दुर्जन पुढे' असा पाठ केला, तेव्हा त्या हसल्या आणि तो इतर रुग्णांना सांगायची परवानगी मागू लागल्या.

आता माझ्याकडे अॅल्युमिनियमची, भोके पाडलेली, कळ दाबून उंची बदलणारी साधी काठी आहे. तिच्या खालची रबरी टोपी झिजली की बदलायची असते. मी ती दर रविवारी उलटी करून पाहतो, पूर्वी वह्या तपासत असे तसा. वॉकर परसात दुधी भोपळ्याच्या वेलाला दिला आहे. चार पायांच्या आधाराची खरी गरज घरात त्यालाच होती आणि त्याची चाल उत्तम आहे.

माघात कवळ्याच्या शांतादुर्गेच्या जत्रेला गेलो होतो. भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली, खाज्यांच्या दुकानापाशी माझे एक जुने सहकारी मिटलेली काळी छत्री टेकून उभे होते. त्यांनी माझ्या काठीकडे पाहिले, मी त्यांच्या छत्रीकडे. "हल्ली ऊन फार असते," ते म्हणाले. मी मान डोलावली आणि त्यांच्यासोबत दोन पावले चालून खात्री करून घेतली. छत्री चुकीच्याच हातात होती.