बंद थिएटरवर रडण्याआधी त्याचं छप्पर बघा

पणजीच्या सिने नॅशनलचा फोटो परत कुणीतरी टाकलाय. खाली नेहमीची रांग: ‘गेले ते दिवस’, ‘पहिला सिनेमा इथंच बघितला’, रडक्या इमोजी. कुणाला मडगावचं सिने लता आठवतंय, कुणाला म्हापशाचं अलंकार. वाचून मलाही गलबलतं.

पण ही थिएटरं म्हणजे काही देवळं नव्हती हो. ढेकूण होते, पंखे घरघरायचे, मुतारीचा वास पहिल्या रांगेपर्यंत यायचा. स्टॉलमध्ये एकटी बाई बसायला धजत नसे. तरीही खाणीवरचा ड्रायव्हर, बँकेतला साहेब आणि मासळीवाली एकाच छपराखाली, एकाच विनोदाला हसायची. वर प्रोजेक्शनच्या खोलीत ऑपरेटर कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडायचा. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा, की लगेच पुढच्या रिळाचं दुसरं मशीन सुरू. चुकला तर अख्खं थिएटर त्याच्या आईवडिलांचा उद्धार करायचं.

टीव्ही आला, व्हिडिओ कॅसेट आली. २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला आणि जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात मल्टिप्लेक्स उभं राहिलं. प्रेक्षक गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मात्र धंदा बसला म्हणून इमारत पडत नाही. ती पडते पावसानं. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. एवढ्या मोठ्या छपराचा एक पत्रा फुटला की पाणी सिलिंगमध्ये मुरतं, सिलिंग फुगून खाली येतं, खुर्च्यांचा काथ्या कुजतो, चौकटींना वाळवी लागते, चिऱ्यांच्या भिंतीत पिंपळ रुजतो. चालू थिएटरात दर मे महिन्यात कुणीतरी वर चढून पत्रे बघायचा. कुलूप लागलं की तो माणूसही गेला.

मग पत्रा बदलायचा कुणी? आपला पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आणि मृत्युपत्रानंसुद्धा मुलांचा वाटा पूर्ण काढून घेता येत नाही. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूचाच. पण दोन पिढ्यांत एका मालकाचे डझनभर वारस होतात, काही लिस्बनला, काही टोरंटोला. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत वाटणी करायचा, खटला कोर्टात रेंगाळतो. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि दुरुस्तीला पैसे एकालाही काढायचे नसतात. जमिनीचा भाव मात्र वाढतच राहतो, त्यामुळे इमारत स्वतःहून पडली तर कुणाला फारसं दुःखही नसतं.

‘म्युझियम करा’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. धूळ खायला आणखी एक इमारत कशाला? भर बाजारात दोनेकशे खुर्च्यांचं सभागृह हवं. तियात्र (आपलं कोकणी संगीत नाटक), मराठी नाटक, कधी सिनेमा. सरकारी नाट्यगृह, रवींद्र भवन, आहे की, असं कुणी म्हणेल. मडगावचं फातोर्ड्याला आहे. बाजार आटपून, हातात पिशवी घेऊन तिथं चालत कोण जाणार?

तोवर निदान छप्पर तरी वाचवा. खटला चालू असलेल्या जुन्या थिएटरवर पत्रे घालायला सरकारनं पैसे द्यावेत आणि निकाल लागल्यावर वारसांकडून वसूल करावेत. नोव्हेंबरात इफ्फीची रोषणाई होतेच, त्यापुढे हा खर्च काही जड नाही.

आणि हे वाचणाऱ्यांत अशा थिएटरचा एखादा वारस असेल (गोवा केवढासा!), तर बाबा, फोटोवर बदाम टाकण्याआधी टोरंटोच्या चुलतभावाला फोन लाव. मे संपायच्या आत.