‘चाकू ठेवा, सेल्समध्ये या’ म्हणे!

परवा रात्री एक वाजता, सर्व्हिस उरकल्यावर, भाच्याचा मेसेज आला: ‘मामा, हे खरं आहे का?’ सोबत ती सगळीकडे फिरणारी लांबलचक पोस्ट, ‘शेफ मित्रांनो, चाकू ठेवा, सेल्समध्ये या’. तिचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्याच वर्षी 90 टक्के रेस्टॉरंट बंद पडतात, सेल्समध्ये कमाईला मर्यादा नाही, तिथे डोक्याला ताप नाही, किचनचे लांबलचक तास तब्येत खातात, आणि किचनमधल्या अनुभवाला बाहेर कुणी विचारत नाही. भाचा सहा वर्षं किचनमध्ये आहे, ग्रिल सांभाळतो. एवढं वाचून पठ्ठ्या राजीनामा टाइप करून बसलेला. मी अकरा वर्षं किचनमध्ये काढली, नंतर पाच वर्षं हॉटेलांना ओव्हन नि डिशवॉशर विकले. तेव्हा दोन्हीकडचं जरा कळतं.

आधी ते 90 टक्के. एच. जी. पारसा नावाच्या अभ्यासकाने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या रेस्टॉरंटांचा हिशेब मांडला. 2005 साली तो कॉर्नेल विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून आला. पहिल्या वर्षी बुडाली सुमारे 26 टक्के, तीन वर्षांत मिळून साधारण 60. थोडी नाहीत, पण 90 कुठे आणि 26 कुठे? शिवाय मालकी बदलली तरी ते रेस्टॉरंट बुडालं, असं त्या अभ्यासात धरलंय. पाटी बदलते, मालक बदलतो, ग्रिलवर पुष्कळदा तोच माणूस उभा असतो. भांडवल मालकाचं जातं. भाच्याने कुठे रेस्टॉरंट काढलंय?

आता ज्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते: ‘कमाईला मर्यादा नाही’. अहो, खालच्या बाजूलाही नाही! पगाराचे दोन तुकडे असतात, फिक्स आणि कमिशन. जाहिरातीत दिसतो तो दोन्हींचा बेरजेचा आकडा, टार्गेट पूर्ण झालं असं धरून. घरभाडं मात्र फिक्समधूनच जातं. चांगला एरिया जुन्या माणसाकडे, नव्याच्या वाट्याला उरलेला. एक तारखेला मीटर पुन्हा शून्यावर, गेल्या महिन्यात तुम्ही काय दिवे लावले याची कुणाला आठवण नसते. पहिल्याच वर्षी मी महिनाअखेरीला एक मोठा डिशवॉशर विकला, कमिशन हातात आलं, खर्चूनही झालं. तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाने ऑर्डर फिरवली आणि ती सगळी रक्कम पुढच्या पगारातून कापली गेली. नेमणूकपत्राच्या शेवटच्या पानावर तसं लिहिलेलं होतं, वाचलं कुणी होतं?

डोक्याला ताप नाही म्हणे. किचनमध्ये शेवटच्या ऑर्डरची चिठ्ठी खिळ्याला टोचली की दिवस संपतो. सेल्समध्ये ‘कळवतो’ म्हणालेलं गिऱ्हाईक रात्री अंथरुणातसुद्धा डोक्यात असतं.

तासांबद्दल मात्र नाइलाजाने मान डोलवावी लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये सांगितलंय की आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त. भाच्याचे तास मोजले तर ते 55 च्या वरच भरतील. त्याच्या हातावरचे चट्टे नि गुडघे मीही बघतो. पण त्यावर सेल्स हा एकच उतारा, हे कुणी ठरवलं? आठ तासांची शिफ्ट देणारी किचनं असतात, कॅन्टीनची, हॉस्पिटलची.

अनुभवाला किंमत नाही, हा तर शुद्ध अडाणीपणा. माझ्यासोबतचा पोरगा कॅटलॉग वाचून दाखवायचा. मी आधी पास, म्हणजे तयार ताटं बाहेर द्यायचा कट्टा, कुठे आहे ते बघायचो आणि ओव्हनचं दार कुठल्या बाजूला उघडलं तर ताटं घेऊन येणाऱ्याच्या कोपराला लागेल, ते सांगायचो. शेफ तिथेच खुर्ची ओढून बसायचा.

भाच्याला मी ‘जाऊ नको’ म्हटलेलं नाही. एवढंच म्हटलं, ज्याने ऑफर दिली त्याला तीन गोष्टी लेखी विचार: फिक्स किती, गेल्या वर्षी टीममधल्या कितीजणांनी टार्गेट गाठलं, आणि या जागेवर आधी होता तो का गेला. काल त्याने विचारलं. पलीकडून एक अंगठा आला आणि खाली, ‘या ना, भेटून बोलू’.