वाढीव बेकार भत्ता आपोआप मिळत नाही हो!

आज अमेरिकेतल्या एका मराठी ग्रुपवर कुणीतरी काकुळतीला येऊन विचारलं, ‘माझे बेकार भत्त्याचे २६ आठवडे पुढच्या महिन्यात संपतायत, पुढे काय?’ खाली लगेच उत्तरांची रांग. ‘डोन्ट वरी, ९९ आठवडे मिळतात.’ अरे, कुठे मिळतात? मिळत होते, २०१०-११ मध्ये! नेहमीचे २६, मंदीपुरत्या फेडरल (केंद्राच्या) कायद्याचे ५३ आणि एक्स्टेंडेड बेनिफिटचे, म्हणजे वाढीव भत्त्याचे २०. मधले ५३ देणारा कायदा २०१३ अखेर संपला. कायमचं राहिलंय ते फक्त एक्स्टेंडेड, आणि तेही तुमचं राज्य ‘ऑन’ असेल, म्हणजे तिथे हा भत्ता सध्या चालू असेल तरच.

आमच्या ओळखीतले एक काका. मिशिगनमध्ये ऑटो पार्टच्या कंपनीतून २००९ मध्ये ले-ऑफ झाले. २०११ मध्ये एक्स्टेंडेडवर आले, भाडं झेपेना म्हणून नेब्रास्का राज्यात ओमाहाला लेकीकडे राहायला गेले आणि तिथून क्लेम भरू लागले. दोन आठवडे पैसे आले, मग बंद. कोणी चूक केली नव्हती, कायदाच तसा आहे. तुम्ही ज्या राज्यातून क्लेम भरता ते एक्स्टेंडेडमध्ये नसेल, तर दोनच आठवडे मिळतात. नेब्रास्कातली बेकारी त्या रेषेपर्यंत पोचलीच नव्हती.

ही रेषा म्हणजे ट्रिगर. १९७० च्या फेडरल कायद्यातला सक्तीचा ट्रिगर असा: भत्ता घेणाऱ्यांचं प्रमाण १३ आठवड्यांच्या सरासरीने किमान ५ टक्के हवं, शिवाय आधीच्या दोन वर्षांतल्या त्याच काळाच्या सरासरीच्या १२० टक्के हवं. यातली मेख बघा. ही मोजणी फक्त नेहमीचा भत्ता घेणाऱ्यांची. ज्याचे आठवडे संपले तो मोजणीतूनच बाहेर! म्हणजे ज्यांच्यासाठी योजना काढली, तेच जितके वाढतील तितका आकडा खाली येणार. हे डोकं कुणाचं, देव जाणे.

यावर उपाय १९९२ पासून कायद्यात आहे, पण ऐच्छिक. एकूण बेकारीचा दर तीन महिन्यांच्या सरासरीने ६.५ टक्के आणि आधीच्या दोनपैकी एका तरी वर्षाच्या त्याच काळापेक्षा १० टक्क्यांनी जास्त, तर राज्य ऑन. दर ८ टक्क्यांवर गेला तर १३ ऐवजी २० आठवडे. न्यू जर्सी, वॉशिंग्टन, कनेक्टिकट यांनी हा ट्रिगर कायमचा घेतलाय. कित्येक राज्यांनी मात्र २००९ मध्ये ‘फेडरल सरकार १०० टक्के खर्च देतंय तोवरच’ अशी अट घालून घेतला आणि तो पैसा थांबताच सोडला. एरवी निम्मा खर्च राज्यावर पडतो आणि तो शेवटी कंपन्यांच्या टॅक्समधून निघतो, मान्य. पण मंदी आल्यावर विधिमंडळात भांडत बसायचं आणि तोवर माणसांनी काय खायचं?

भांडत बसतात म्हणजे खरंच बसतात. मंदी लांबली की तुलनाच फसते. दर सलग तीन वर्षं १० टक्केच राहिला तर आधीच्या वर्षापेक्षा वाढ शून्य, म्हणजे राज्य ऑफ. बेकारी तेवढीच, भत्ता बंद. म्हणून डिसेंबर २०१० मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तीन वर्षं मागे बघायची मुभा दिली, पण त्यासाठी प्रत्येक राज्याला स्वतःचा कायदा करावा लागला. मिशिगनने मार्च २०११ मध्ये केला, म्हणून काकांचा क्लेम ओमाहाला जाईपर्यंत तरी तगला. पण त्याच कायद्यात नेहमीचे आठवडे २६ वरून २० करून टाकले! मिझुरीत काही सिनेटरांनी असंच बिल अडवून धरलं आणि शेवटी तिथेही २० वरच तडजोड झाली. मिशिगनमध्ये पुन्हा २६ व्हायला २०२५ उजाडलं.

आठवडे कापले की एक्स्टेंडेडही कापलं जातं, हे कुणी सांगत नाही. सामान्य एक्स्टेंडेड म्हणजे नेहमीच्या भत्त्याच्या निम्मं, जास्तीत जास्त १३ आठवड्यांचं. फ्लोरिडात बेकारी कमी असताना १२ आठवडे आणि आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर, म्हणजे एकूण ३,३००. त्या क्लेमवर पुढे एक्स्टेंडेड लागलंच तर १,६५०. बास.

आणि पात्रता वेगळी तपासतात. बेस पिरियडमध्ये (क्लेमच्या आधीचं, कमाई मोजायचं साधारण वर्षभर) २० आठवडे पूर्णवेळ काम, किंवा साप्ताहिक भत्त्याच्या ४० पटींहून जास्त कमाई, किंवा सर्वात जास्त कमाईच्या तिमाहीच्या दीडपट एकूण कमाई; यातली कुठली कसोटी लावायची ते राज्य ठरवतं. कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी इथे नीट बघा. समजा वर्षाची कमाई २५,००० आणि त्यातले १८,००० एकाच तिमाहीत. दीडपट म्हणजे २७,०००, नापास. शेजारच्या राज्यात ४० पटींचा नियम असेल आणि भत्ता ५०० असेल, तर २०,००० च्या वर गेलात, पास. माणूस तोच, कमाई तीच!

काम शोधण्याचा नियमही कडक होतो. तुमच्या लाईनमध्ये लवकर नोकरी मिळण्याची शक्यता कमी आहे असं ठरलं, की झेपेल ते कुठलंही काम ‘योग्य काम’ धरतात, फक्त पगार भत्त्यापेक्षा जास्त आणि किमान वेतनाइतका हवा. लेखी ऑफर नाकारलीत तर भत्ता बंद. पुन्हा सुरू व्हायला चार आठवडे काम आणि भत्त्याच्या चौपट कमाई दाखवावी लागते. काही जण घरी बसून चैन करतात, असतील थोडे. ते हा नियम वाचून उठतील. त्यामुळे तारीख, कंपनी, पोस्ट, कुणाशी बोललात हे दर आठवड्याला लिहून ठेवा. ‘लिंक्डइनवर बघतोय’ हा पुरावा नव्हे.

ज्याने विचारलं त्याला, शांतपणे: हा भत्ता ‘पब्लिक चार्ज’मध्ये, म्हणजे सरकारी मदतीवर जगणारा ठरवताना, मोजत नाहीत, तेव्हा ग्रीन कार्डाच्या भीतीने क्लेम सोडू नकोस. एच-वन व्हिसावर असशील तर मात्र सहसा मिळत नाही, तिथे नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणाऱ्या ६० दिवसांची चिंता आधी. लेबर डिपार्टमेंटच्या साईटवर दर आठवड्याला ट्रिगर नोटीस लागते, त्यात आपलं राज्य ऑन आहे का बघ. ऑन असलं तरी ऑफ झाल्यावर सगळ्यांचे हप्ते एकदमच थांबतात, उरलेले आठवडे कुणी पुरे करू देत नाही. आणि दुसऱ्या राज्यात राहायला जायचा विचार असेल तर सामान बांधायच्या आधी त्या राज्याची ओळही त्याच नोटीसमध्ये वाच.