एका मतावर टांगलेली वीज

फ्रिजवर मॅग्नेटखाली सोलरवाल्याचं कोटेशन दीड वर्ष लावून ठेवलं होतं. आधी छप्पर दुरुस्त करू, मग पॅनेल, असा हिशोब. म्हटलं, सरकारी करसवलत 2032 पर्यंत आहे, घाई कशाला?

अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही, इथले हवामानाचे आणि स्वच्छ विजेचे कायदे असे मोजक्या मतांवर लटकतात, हे अंगवळणी पडत नाही. दर वेळी तेच! 2009 मध्ये कार्बनवर मर्यादा घालणारं विधेयक प्रतिनिधिगृहात 219 विरुद्ध 212 नी पास झालं आणि सिनेटमध्ये मतदानाला न येताच मेलं. 2021 मध्ये 150 अब्ज डॉलरची साधी सरळ योजना आली: वीज कंपनीने दरवर्षी स्वच्छ वीज वाढवली तर पैसे, नाही तर दंड. सिनेटमध्ये दोन्ही पक्ष 50-50. योजना आणणाऱ्या डेमोक्रॅट पक्षाचेच सिनेटर जो मॅन्चिन नको म्हणाले, खेळ खलास. एक माणूस! तोही कोळशाच्या वेस्ट व्हर्जिनियाचा, घरचाच कोळशाचा धंदा असलेला. आणि समोरचे पन्नास रिपब्लिकन काय करत होते? त्यांच्यातलं एकही मत फुटलं नाही, याचा राग मला जास्त येतो.

2022 मध्ये सोलरला 2032 पर्यंत सवलत देणारा कायदा झाला, सिनेटमध्ये 51-50, बरोबरी फोडणाऱ्या उपाध्यक्षांच्या मतावर. जीव भांड्यात पडला. जुलै 2025 मध्ये त्या सवलती कापणारा नवा कायदा, पुन्हा 51-50, पुन्हा उपाध्यक्षांचंच मत, पक्ष दुसरा. घरावरच्या सोलरची 30 टक्के सवलत त्या डिसेंबरअखेर बंद!

अरे, लोक वीस-पंचवीस वर्षांचा विचार करून पॅनेल बसवतात. तुमचा कायदा तीन वर्षं टिकत नाही. छप्पर दुरुस्त झालं. कोटेशन काल फाडलं.